बोडीटोल्याचा कागद

रऊफभाऊंच्या अंगणात सीताफळाचं एक झाड होतं आणि त्याच्या खालच्या फांदीला कायम एक निळा शर्ट लटकलेला असायचा. नव्या माणसाला वाटायचं, वाळत घातला आहे. मलाही तसंच वाटलं. बदली होऊन आलो त्या पहिल्याच आठवड्यात एका दुपारी वावटळ सुटली, शर्ट उडून नालीत पडायच्या बेतात आला. मी शेजाऱ्याचं कर्तव्य म्हणून तो झेलला, झटकला, छान घडी घातली आणि दारात उभ्या असलेल्या भाभींना द्यायला गेलो. मी हातात नाग धरून आलोय अशा भाभी मागे सरकल्या.

"या अल्ला! कुत्तेवाला शर्ट!"

आतून रऊफभाऊ आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घडीकडे पाहिलं आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "सायब, घडी एक नंबर घातली. इतकी इज्जत त्याची आजवर कोनी केली नाई. आता आंघोळ करून घ्या."

मूल आणि सिंदेवाहीच्या मधल्या एका गावात आमचा जनावरांचा दवाखाना होता. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीच्या दिवशी मी म्हणजे पशुधन पर्यवेक्षक आणि रऊफभाऊ म्हणजे व्रणोपचारक, असा आमचा दोन पात्रांचा प्रयोग चालायचा. व्रणोपचारक हा शब्द सरकारी कागदाबाहेर कोणी उच्चारल्याचं मी ऐकलं नाही. लोक म्हणायचे रऊफ ड्रेसर. बैलाच्या खांद्याची जखम धुणं, शेळीच्या खुरातले किडे काढणं, पट्ट्या बांधणं हे त्यांचं काम. पण जीव अडकला होता कुत्र्यांत. सरकारी पगार गाईबैलांसाठी मिळतो, कुत्र्यांसाठी नाही, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा त्यांनी मान डोलावली आणि सायकल काढून कुठल्या तरी कुत्र्याकडे गेले.

त्या कुत्र्यांच्या कामाचा तो शर्ट. कुत्र्याची लाळ लागलेले कपडे घरात न्यायचे नाहीत, तिथे नमाज होते, हा त्यांच्या घरचा नेम. म्हणून शर्ट बाहेरच काढायचा, झाडाला टांगायचा, हात माती लावून धुवायचे, मग पाण्याने, मग आत. शर्ट पंधरा दिवसांतून एकदा ते स्वतः विहिरीवर खळबळून आणायचे. गावातले टवाळ विचारायचे, "काऊन रऊफभाऊ, तुमच्यात कुत्रा चालत नाई म्हनतेत, आन् तुमी तं दिवसभर कुत्र्यायच्याच मांगं!"

रऊफभाऊंचं उत्तर ठरलेलं. "जनावर अल्लाचं. लाळ शर्टाची. भांडन कुठी हाय, सांगजो मले."

माणूस दिसायला काडी. पांढरी छाटलेली दाढी, खिशात दुमडलेली टोपी, आणि नाक मात्र दोन माणसांत वाटून द्यावं एवढं. त्या नाकाची कथा सांगायलाच हवी. एका बाजाराच्या दिवशी तांदळाच्या गिरणीवाल्याने पैज लावली. रऊफभाऊंच्या डोळ्यांना दुपट्टा बांधला आणि मी दवाखान्यातल्या बाटल्या एकेक करून नाकाखाली धरल्या. टर्पेंटाइन, टिंक्चर, फिनाईल, फॉर्मॅलिन. बूच पुरतं निघायच्या आत नाव बाहेर. मग मी चावटपणा केला. एक धुतलेली रिकामी बाटली धरली. गर्दी खुसखुसायला लागली. रऊफभाऊंनी दोनदा हुंगलं, थांबले, आणि म्हणाले, "ह्यात परवा निलगिरी होती. आन् धुतली ती सायबाच्या घरच्या साबनानं." गिरणीवाल्याने हात जोडले. साबण माझ्या घरचाच होता.

त्या नाकानेच ते रोग ओळखायचे. कुत्र्याला रक्ताची हगवण लागली की लोक म्हणत, उंदीर खाल्ला असन, कोनी इख घातलं असन. रऊफभाऊ अंगणात शिरताच सांगत, "इख नाई. तोच आला." त्याचा वास गोडूस असतो म्हणायचे, गंजलेलं लोखंड आणि आंबलेला मोह एकत्र केल्यासारखा. "तो म्हणजे कोण?" मी विचारायचो. "ते तं मले नाई मालूम सायब. वासानं ओळखतो, नाव मालूम नाई. हेच तं दुखनं हाय."

कारण नावाशिवाय त्यांचं काही चालायचं नाही. बैल असो, कोंबडी असो, आधी नाव विचारायचे. "बिननावाच्या पेशंटले मी हात नाई लावत." मालक गडबडून जायचा आणि कोंबडीचं तिथल्या तिथे बारसं व्हायचं.

अशा माणसाकडे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नागपूरहून नीता मॅडम आल्या. कुत्र्यांच्या आतड्यातले विषाणू शोधणं हा त्यांच्या पदवीचा अभ्यास होता आणि त्यासाठी त्यांना आजारी कुत्र्यांची विष्ठा हवी होती. दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून त्यांनी चहा घेतला आणि हे सांगितलं, तेव्हा मी घोट गिळायला विसरलो. रऊफभाऊ मात्र पुढे सरकले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याच विषयावर बोलत होतं.

मॅडमनी समजावलं. विषाणूच्या आत एक लांबलचक ओळ लिहिलेली असते, चारच अक्षरांची, हजारो वेळा उलटसुलट. ती प्रयोगशाळेत वाचता येते. लसीतल्या विषाणूची ओळ वेगळी, रोगाची वेगळी. दोन गावांत एकाच ठिकाणाहून रोग गेला असेल तर ओळ जवळजवळ सारखी निघते.

"म्हंजे तो कोन आन् कुठून आला, ते त्याच्या घानीतच लिवून असते?"

"हो."

"आन् तुमाले वाचता येते?"

"बर्फात ठेवून ताजी पाठवली तर येते."

रऊफभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या उकळून, सुकवून, रांगेत लागल्या. मासळीवाल्याकडून बर्फ, चहाचा जुना थर्मास, बस कंडक्टरची मनधरणी. थर्मासमध्ये काय आहे हे कंडक्टरला आम्ही कधीच सांगितलं नाही. एकदा तो म्हणाला, "रऊफभाऊ, नागपूरले रोज चहा पाठवून राह्यले का बे?" रऊफभाऊ म्हणाले, "तुले पाजू का?"

मॅडमकडून पहिला कागद आला तेव्हा त्यांनी तो पेढे वाटावेत तसा सगळ्यांना दाखवला. त्यावर रोगाचं नाव होतं. पार्व्हो. दिवसभर ते नाव ते स्वतःशीच म्हणत होते, नव्या सुनेचं नाव तोंडी बसवावं तसं.

इथवर गोष्ट छान चालली होती. इथेच थांबवता आली असती तर मी थांबवली असती.

बोडीटोला हे जंगलातलं गोंडांचं गाव. पंचवीस-तीस घरं, मध्ये एक बोडी म्हणजे लहानसं तळं, आणि घरटी एक कुत्रा. तिथे कुत्रा हौस म्हणून नसतो. धानात रानडुक्कर शिरलं की तोच भुंकतो. आणि मोहाच्या दिवसांत, उजाडायच्या आधी बाया फुलं वेचायला जातात तेव्हा तोच पुढे असतो, कारण त्या फुलांवर अस्वलाचाही तेवढाच जीव असतो. कुत्र्याने वास घेतला की बाया मागे फिरतात. इतकं साधं गणित.

त्या वर्षी एका संस्थेने लसीची एक पेटी दिली. गावातल्या कुत्र्यांचे रोग जंगलातल्या रानकुत्र्यांना लागू नयेत, असा त्यांचा हेतू. रऊफभाऊंनी बोडीटोला निवडलं आणि गावचे म्हातारे सोमाजी कुमरे यांना पटवायला तीन खेपा केल्या. "दुखत नाई का?" सोमाजींनी विचारलं. रऊफभाऊंनी रिकामी सुई स्वतःच्या दंडात टोचून दाखवली. मग सगळं गाव कुत्री घेऊन रांगेत.

मी टेबलावर रजिस्टर घेऊन, रऊफभाऊ निळ्या शर्टात सुई घेऊन. नाव, मालक, रंग. शेरू. काल्या. टिकला. मग तानूबाई मडावी आली, चुरुचुरु बोलणारी, दोरीला एक गलेलठ्ठ पिवळा कुत्रा.

"नाव?" रऊफभाऊ.

"सायब."

"मी सायबाचं नाई, कुत्र्याचं विचारून राह्यलो."

"कुत्र्याचंच सांगून राह्यली मी. सावलीत बसून राह्यते, काई करत नाई, जेवाच्या टायमाले येते. मंग काय ठेवाव नाव?"

सारं गाव माझ्याकडे पाहून हसलं. रऊफभाऊंनी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. मी मुकाट्याने लिहिलं: सायब, पिवळा.

एकतीस कुत्र्यांना लस टोचली. आठव्या दिवशी तानूबाईच्या सायबाने खाणं सोडलं. पंधरवड्यात सत्तावीस कुत्री गेली.

रऊफभाऊ रोज जात होते. सलाईन लावत होते, काही उपयोग होत नव्हता. गावाने त्यांना शिवी दिली नाही की दगड मारला नाही. फक्त पूर्वी ते दिसले की कोणीतरी बाज टाकायचं, पाणी आणायचं, ते थांबलं. सोमाजी शेवटी म्हणाले, "भाऊ, राग नाई करून राह्यलो आमी. पन सुई टोचली आन् मेले. आता सुई नोको आनू."

रऊफभाऊंनी नऊ मरत्या कुत्र्यांची विष्ठा बाटल्यांत घेतली, प्रत्येकीवर कुत्र्याचं नाव चिकटवलं, दवाखान्याच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली, आणि मला घेऊन एसटीडी बूथवर गेले. मॅडमना फोन लावला. मी काचेबाहेर उभा. आतला एकच बाजूचा संवाद ऐकू येत होता.

"हव मॅडम... नाई, लस थंडीच होती, बर्फ होता... त्याच्या आदी? त्याच्या आदी दोन दिवस मी सिंदेवाहीकडं होतो, तिथी चार कुत्रे होते ना, बिमार... कपडे?"

फोनच्या आकड्यांची लाल पट्टी पळत राहिली. त्यांनी मान खाली घालून आपल्या अंगावरच्या निळ्या शर्टाकडे पाहिलं.

बाहेर आले तेव्हा मी विचारलं, काय म्हणाल्या. ते बोटं मोडत म्हणाले, "तीन गोष्टी होऊ शकतेत, सायब. एक, सुईतूनच झालं. मॅडम म्हनतेत, असं होत नाई सहसा. दोन, रोग बाहेरून आला, कोनाच्या तरी पायानं. तीन..." तिसरं बोट त्यांनी शर्टाच्या खिशाला लावलं. "म्हनतेत, हा कपड्यायले महिने-महिने चिकटून राह्यते. साध्या पान्यानं मरत नाई. उकळा लागते. आन् लस अंगी लागाले दिवस लागतेत, त्याच्या आदीच रोग शिरला असन."

भाभींच्या स्वयंपाकघरात कपडे उकळायचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, होता. पण तो शर्ट त्या घरात कधी गेलाच नव्हता.

सिंदेवाहीच्या कुत्र्यांचे नमुने मॅडमकडे आधीच होते. बोडीटोल्याचे नऊ वाचले की दोन्ही ओळी शेजारी ठेवून कळणार होतं. मॅडम महिनाभर बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जाणार होत्या, आल्यावर पाठवा म्हणाल्या, तोवर गोठवून ठेवा.

दुसऱ्याच दिवशी रऊफभाऊ बोडीटोल्यात गेले आणि सोमाजींना तिन्ही गोष्टी सांगून आले. तिसरीसुद्धा. मी कपाळाला हात लावला. "अहो, शर्टाचं कशाला सांगितलंत? त्यांच्या डोक्यातही नव्हतं."

"माह्या डोक्यात होतं ना."

"मग काय म्हणाले?"

"म्हने, कागद आन. कागदावर सुई नाई म्हनून लिवून असन तं आमी पुन्हा कुत्रे घेऊन उभे राहू. सुई असन तं नाई. शर्ट असन तं शर्ट जाळ, आन् सुई घेऊन ये." ते थोडं हसले. "बुढा माह्यापेक्षा हुशार हाय."

त्याच दिवशी त्यांनी घासलेटचा एक रिकामा टिनाचा डबा आणला, अंगणात तीन दगड मांडले आणि प्रत्येक कामानंतर शर्ट त्यात उकळायला लागले. उशीर झाला होता, पण उकळत होते.

आता माझं काम.

महिना संपत आला तेव्हा रऊफभाऊ भाचीच्या लग्नाला चार दिवस अहेरीला गेले. जाताना म्हणाले, "सायब, बाटल्यायकडं लक्ष असू द्या." दुसऱ्या दिवशी वादळात सागाचं झाड तारांवर पडलं आणि वीज गेली. तेव्हाच मी काहीतरी करायला हवं होतं. मासळीवाल्याकडून बर्फ आणता आला असता. तो तिथून दोनशे पावलांवर होता. पण तिसऱ्या दिवशी फ्रिज उघडला तर असा वास आला की मी दार लोटून बाहेर पळालो. आणि मग मला माझं शिक्षण आठवलं. सडणाऱ्या गोष्टीला काय करायचं? फॉर्मॅलिन. तुकडा असो, गाठ असो, फॉर्मॅलिनमध्ये टाका, वर्षभर जशीच्या तशी. मी नाकाला रुमाल बांधला आणि नऊही बाटल्यांत, नाव वाचून वाचून, वरपर्यंत फॉर्मॅलिन भरलं. सायब, टिकला, काल्या. चिकटपट्टी पुन्हा लावली. वीज आली, वास गेला, आणि सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही.

रऊफभाऊ परतले. खाकेतली पिशवीही न ठेवता फ्रिजकडे गेले, एक बाटली काढली, उजेडात धरली. मग नाकाजवळ नेली. क्षणभर तशीच धरून उभे राहिले.

"सायब, दवाखान्यात फवारनी केली का?"

"नाही. का?"

"काई नाई," म्हणाले, आणि बाटली जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या नऊ बाटल्या बर्फात घालून, नेहमीपेक्षा जास्त बर्फ घालून, नागपूरला पाठवल्या.

दीड महिन्याने पत्र आलं. दवाखान्याच्या नावाने, इंग्रजीत, म्हणून मीच फोडलं. दोन ओळींचं. नमुने फॉर्मॅलिनमध्ये असल्याने जनुकीय तपासणीस निरुपयोगी आहेत, कृपया त्याच प्राण्यांचे ताजे नमुने पाठवावेत. त्याच प्राण्यांचे! ते प्राणी बोडीच्या पलीकडच्या खड्ड्यात होते.

पत्राची घडी करत होतो तेवढ्यात रऊफभाऊ आत आले. "कागद आला का, सायब?"

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत. बहुतेक मजेसाठी, काही पोटासाठी. ही एकच थाप मी घाबरून मारली. म्हणालो, "नमुने पोचले म्हणतात. तपासणी चालू आहे. वेळ लागतो."

"हव," रऊफभाऊ म्हणाले. "वेळ तं लागतेच."

पुढे नीता मॅडमचा अभ्यास संपला, त्या दूर कुठेतरी नोकरीला गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या मुलाला बोडीटोला हे नावही ठाऊक नव्हतं. रऊफभाऊ इतर गावांतून नमुने पाठवत राहिले. त्यांचे कागद येत, त्यांवर विषाणूचे नवे प्रकार लिहिलेले असत, आणि ते प्रत्येक कागद शाळेच्या निकालासारखा वरपासून खालपर्यंत वाचून घेत. मग चष्मा काढून विचारत, "आन् बोडीटोला?"

"चालू आहे."

"हव."

एकदा मला राहवलं नाही. म्हणालो, "रऊफभाऊ, आपणच एक कागद टाईप करू. सुईचा दोष नाही, एवढं एक वाक्य. शिक्का आपल्याच टेबलावर आहे. सोमाजी काय नागपूरला विचारायला जाणार आहेत? गाव लस घेईल, कुत्री येतील, बाया वाचतील."

एवढे चिडलेले मी त्यांना आधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. "शिक्का बैल मेल्याचा दाखला द्याचा हाय, सायब. मले मालूम नाई ते मालूम हाय म्हनून कसं सांगू? माह्या शर्टानं सत्तावीस जीव खाल्ले असन, आन् मी कागदावर ठप्पा मारून मोकळा होऊ?"

गावाने कुत्री आणायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दर उन्हाळ्यात कोणी सिंदेवाहीच्या बाजारातून पिल्लू आणायचं. पण तो विषाणू मातीत टिकून राहतो. पिल्लू अंगणात खेळायचं, आठ-पंधरा दिवस, आणि मग अंगणातून तो गोड वास यायचा. एकाच सुईने ते वाचलं असतं. सुई घेऊन रऊफभाऊ गावाच्या वेशीवर उभे असायचे. कागदाशिवाय कोणी त्यांना आत बोलावत नव्हतं, आणि कागद येणार नाही हे सांगणारं पत्र माझ्या खणात होतं.

दुसऱ्या मोहाच्या हंगामात अस्वलाने तानूबाईला धरलं. डोक्याची कातडी गेली, डावा डोळा गेला. जिल्ह्याच्या दवाखान्यातून महिन्याने घरी आली, तरी जखम भरली नव्हती, दिवसाआड पट्टी बदलायची होती आणि बदलणारं जवळपास कोणी नव्हतं. रऊफभाऊ स्वच्छ पांढरा शर्ट घालून तिच्या दारात गेले. मी सोबत होतो, दूर बोडीच्या काठाला.

"मी जनावराचा ड्रेसर हाव, बाई," ते म्हणाले. "नियमात बसत नाई. तुमी नाई म्हना तं जातो."

तानूबाई उरलेल्या डोळ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "ये. अस्वलानं मानूस म्हनून थोडंच चावलं."

त्यांनी पट्टी सोडली. हात इतका हलका की तिचं बोलणं थांबलं नाही. जखम धुताना ते हळूच म्हणाले, "बाई, सुई नसन तं शर्ट असन. मले अजून कागद..."

"तुया कागदानं मले डोळा येते का?" ती शांतपणे म्हणाली. "कायनं मेले ते तुले पायजे. मले एवढंच मालूम हाय, सायब जिता असता तं भुकला असता."

परत येताना तीन कोस आम्ही सायकली हातात धरून चाललो. मी त्या तीन कोसांत चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा मिटलं.

मग माझी बदली आरमोरीकडे झाली. रऊफभाऊ निवृत्त झाले, भाभी गेल्या, मला उशिरा कळलं. मध्ये सात-आठ वर्षं गेली. एका चैत्रात कामासाठी त्या बाजूला आलो होतो, पहाटे मोटारसायकलने बोडीटोल्यावरून निघालो. आभाळ फटफटत होतं. मोहाच्या झाडांखाली पाचोळा जाळून जागा काळी केलेली, त्यावर पिवळी फुलं पडलेली. जंगलातून एक आवाज येत होता. टण, टण, टण. थांबून पुन्हा टण.

झाडांमधून आधी तो निळा शर्ट दिसला. निळा आता म्हणायचं म्हणून. मग रऊफभाऊ, पूर्वीपेक्षा अर्धे, हातात तोच शर्ट उकळायचा टिनाचा डबा आणि एक काठी. डबा बडवत पुढे ते, आणि वीसेक पावलं मागे टोपल्या घेऊन बाया. तानूबाई सर्वांत मागे, पदर डाव्या डोळ्यावर ओढलेला. कोणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. पण ते थांबले की बाया थांबत होत्या.

मला पाहून त्यांचा चेहरा फुलला. "अरे सायब! घडीवाले सायब!"

"हे काय चाललंय, रऊफभाऊ?"

"सत्तावीस गेले, एक आला," ते म्हणाले. "भुकता येत नाई, म्हनून डबा."

"आणि शर्ट? आता कुठे कुत्री आहेत?"

त्यांनी बाहीवरची शिवण चाचपली. "घरात नेता येत नाई. फेकता येत नाई."

बाया वाकून वेचायला लागल्या होत्या. आम्ही तिथेच उभे होतो. आणि मग त्यांनी सवयीने, अगदी त्याच आवाजात विचारलं, "कागद आला का, सायब?"

इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून खरं निघालं. लाईट, वास, फॉर्मॅलिन, पत्र, खण. सगळं. रऊफभाऊंनी मध्येच हात वर केला.

"सायब, एकतीस वर्षं ड्रेसर होतो. फॉर्मॅलिनचा वास मले येनार नाई का? अहेरीवरून आलो, बाटली नाकाले लावली, तवाच समजलं."

"मग पाठवल्या कशाला? आणि दर वेळी विचारत का होता?"

"पाठवल्या कारन..." ते जरा विचारात पडले. "मले वाटलं, नऊमधला एकांदा जिद्दी असन. आन् विचारत होतो कारन तुमी एक दिवस सांगान म्हनून. तुमी सांगतलं असतं, तं मी सोमाजीले जाऊन म्हनलं असतं का कागद येनार नाई. मी आपल्या मनानं कसं म्हनू? बाटल्या तुमच्या ताब्यात होत्या."

"सोमाजींना आता सांगू या. मी येतो."

"सोमाजी तं गेले, सायब. दोन वर्षं झाले." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मले वाटते शर्टच होता. पन वाटते म्हनून काय उपेग. लिवून होतं त्यात, नऊ बाटल्यायत. वाचाचं राहून गेलं."

मागून तानूबाईचा आवाज आला, "ओ भाऊ, बोलत काय बसला? डबा बंद पडला ना तुया!"

"हव बाई, हव." ते वळले. चार पावलं गेल्यावर त्यांनी मान थोडी वर केली, ते मोठं नाक वाऱ्याकडे धरलं आणि जागीच थबकले. बाया थबकल्या. त्या नाकाला कशाचा वास आला, की नुसतंच हुंगलं, मला कळलं नाही. म्हातारा माणूस, हातात टिनाचा डबा, समोर दाट झाड-झाडोरा आणि त्यात हलणारं काहीच दिसत नव्हतं.

मग त्यांनी काठी उचलली आणि डबा बडवत आत गेले.

शर्ट झाडांत दिसेनासा झाला. मी मोटारसायकल सुरू केली नाही. आवाज येत होता तोवर उभा राहिलो, आणि प्रत्येक वेळी तो थांबला की पुढचा टण ऐकू येईपर्यंत श्वास धरून राहिलो.